नाण्याच्या फोटोत खरा रंग हवा असेल तर दिवा कसा निवडावा, कुठे ठेवावा

एका चांदीच्या नाण्याच्या कडेवर गुलाबी झाक कुठून येतेय, हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्यात करायची रंगांची जुळवणी) तीनदा घेतला, दिवे बदलले. सॉफ्टवेअरमध्ये गुलाबी उतरवायला गेलो तर उरलेलं नाणं हिरवट पडलं. शेवटी वैतागून खुर्चीवरून उठलो, तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरची गुलाबी झाकही माझ्याबरोबर उठून गेली. मी मरून रंगाचा टी-शर्ट घातला होता. समोर जे होतं ते नाण्याने इमानेइतबारे दाखवलं होतं.

नाण्याच्या फोटोग्राफीत दिवा निवडायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती केल्विनचा घेऊ?’ (केल्विन म्हणजे प्रकाश पिवळसर की निळसर हे सांगणारा आकडा; जितका मोठा तितका निळसर.) माझ्या मते हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी दोन प्रश्न येतात. दिव्याच्या प्रकाशात सगळे रंग पुरेसे आहेत का? आणि नाण्याला समोर नेमकं काय दिसतंय? पहिल्याचं उत्तर दिवा घेताना मिळतं आणि दुसऱ्याचं टेबलावर. दोन्ही जमलं तर केल्विनचा हिशोब कॅमेरा दोन मिनिटांत करून देतो.

धातूचा रंग येतो कुठून

थोडं विज्ञान आधी उरकून घेऊ, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. रंगीत कागद किंवा कापड प्रकाश आत घेतं, त्यातला काही शोषतं आणि उरलेला सगळ्या दिशांना विखुरतं. म्हणून लाल कापड कुठूनही पाहिलं तरी लालच दिसतं. धातूचं तसं नाही. धातू हा आरसा असतो, फक्त काही धातूंचा आरसा रंगीत असतो. चांदी डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश सारख्याच प्रमाणात परत फेकते, म्हणून ती बिनरंगी. सोनं निळा-जांभळा भाग बराचसा गिळतं आणि पिवळ्यापासून लालपर्यंतचा परत पाठवतं. तांब्याची हद्द आणखी पुढे सरकलेली असते. साधारण ५७० नॅनोमीटरच्या (प्रकाशाची तरंगलांबी; निळ्याची कमी, लालची जास्त) पुढचा नारिंगी-लाल प्रकाश ते जवळपास पूर्ण परत करतं, त्याच्या अलीकडचा निळा-हिरवा मात्र निम्म्याच्या आसपास.

यातून दोन गोष्टी निघतात. दिव्यात गडद लाल कमी असेल तर तांब्याकडे परत फेकायला लाल उरतच नाही, मग ते पिवळट किंवा मातकट दिसतं. आणि नाण्याच्या ज्या भागात दिवा दिसत नाही, त्या भागात दुसरं काहीतरी दिसत असतं: छत, भिंत, लेन्सचं काळं तोंड किंवा तुमचा टी-शर्ट. फोटोतला नाण्याचा रंग म्हणजे धातूचा रंग गुणिले समोरच्या वस्तूचा रंग.

पहिली पायरी: दिवा निवडणं

एलईडीच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. १०० म्हणजे आदर्श. तो काढताना आठ ठरावीक रंगनमुने त्या दिव्याखाली किती बरोबर दिसतात ते मोजून सरासरी घेतात. अडचण अशी की ते आठही नमुने फिकट, सौम्य रंगांचे आहेत. १९६५ साली आलेली आणि १९७४ मध्ये सुधारलेली ही पद्धत एलईडीच्या कितीतरी आधीची आहे. गडद लाल हा नववा नमुना, त्याला आर-९ म्हणतात, आणि तो सरासरीत धरलाच जात नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या घरगुती एलईडीचा आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नसतो. ऑफिसात फायली वाचायला असा दिवा चालून जातो. तांब्याच्या नाण्याला तो मारक आहे.

म्हणून दिवा घेताना सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त बघाच, पण आर-९ वेगळा विचारा. तो ९० च्या पुढे असेल तर उत्तम, ८० च्या पुढे असला तरी काम भागतं. जो उत्पादक आर-९ छापतच नाही, त्याचा दिवा मी नाण्यांसाठी घेत नाही. काही दिव्यांवर टीएम-३० हे नवं मापही दिसतं. २०१५ मध्ये आलेल्या या पद्धतीत आठऐवजी ९९ रंगनमुने वापरतात, त्यामुळे त्यातले आकडे जास्त भरवशाचे. दोन्ही दिलेले असतील तर टीएम-३० वर जास्त विसंबा.

एलईडीमध्ये ही उणीव का राहते? पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरं तर ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप असते. तिच्यावरचा पिवळा फॉस्फर (एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देणारा लेप) त्यातल्या काही निळ्याचं पिवळ्यात रूपांतर करतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं. निळ्या शिखरानंतर ४८० च्या आसपास खड्डा आणि लालच्या टोकाला उतार, असा साध्या एलईडीचा आलेख असतो. चांगल्या दिव्यांत वेगळा लाल फॉस्फर घालून हा उतार भरून काढलेला असतो.

बाकीच्या दिव्यांबद्दल थोडक्यात. जुना तारेचा बल्ब किंवा हॅलोजन रंगांच्या बाबतीत आजही अव्वल आहे. त्यात एकही रंग गायब नसतो आणि सीआरआय १०० ला टेकलेला असतो. प्रकाश पिवळा, सुमारे २७०० ते ३२०० केल्विनचा, पण व्हाइट बॅलन्स ते सावरून घेतो. त्रास उष्णतेचा. नाणं प्लॅस्टिकच्या डबीत असेल तर हॅलोजन जवळ ठेवू नका, आणि डिफ्युझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) म्हणून कागद लावणार असाल तर अजिबात नको. कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅशही अखंड वर्णपटाचा असतो, ५५०० केल्विनच्या आसपास. त्याची खोट अशी की तो उडेपर्यंत नाण्यावर काय दिसणार ते कळत नाही, आणि नाण्यात तर सगळा खेळ दिवा दोन बोटं इकडे की तिकडे याचा.

सीएफएल आणि ट्यूबलाइट सरळ बाजूला ठेवा. त्यांच्यात पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या तीव्र रेघा असतात आणि मधले रंग खिंडार पडल्यासारखे गायब असतात. ५४६ म्हणजे हिरवा. चांदीवर हा हिरवटपणा व्हाइट बॅलन्सने काढलात की तांब्याचं नाणं किरमिजी होतं, आणि तांबं सांभाळलंत की चांदी बिघडते.

खिडकीचा उजेड? सुंदर असतो. एखाद-दुसऱ्या नाण्याला जरूर वापरा, फक्त थेट ऊन नको. पण पन्नास नाण्यांचा संग्रह एकसारखा टिपायचा असेल तर नाद सोडा. ढग आला की रंग बदलतो, आणि निळ्या आकाशाचा सावलीतला उजेड ७००० केल्विनच्याही पुढे जातो. सकाळी टिपलेलं नाणं आणि दुपारी टिपलेलं नाणं एका पानावर शेजारी ठेवलं की ती एकाच टांकसाळीची वाटत नाहीत.

आता केल्विन. ५००० च्या आसपासचा दिवा घ्या, कारण छापील रंग तपासण्याच्या उद्योगातही डी-५० (५००० केल्विनचा ठरवून दिलेला प्रकाश) हाच प्रमाण प्रकाश मानला जातो आणि मॉनिटरशी ताडून पाहताना डोळ्याला फार उड्या माराव्या लागत नाहीत. ४००० चा मिळाला तरी बिघडत नाही. मात्र दोन दिवे वापरणार असाल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच वेळी घेतलेले असू द्या. नवा-जुना असा जोड लावला की नाण्याची डावी बाजू एका रंगाची आणि उजवी दुसऱ्या, आणि हा फरक कुठल्याच एका व्हाइट बॅलन्सने जात नाही.

घरच्या घरी दिव्याची परीक्षा

जुनी सीडी शोधून काढा. तिच्यावरच्या १.६ मायक्रोमीटर अंतरावरच्या बारीक वळशांमुळे ती प्रकाशाची फोड करते. खोलीत अंधार करा, तो एकच दिवा लावा आणि काळ्या कार्डात ब्लेडने बारीक फट पाडून ते दिव्यासमोर धरा. फटीतून येणारा प्रकाश सीडीवर तिरका पाहा. चांगल्या दिव्याचा पट्टा जांभळ्यापासून लालपर्यंत सलग वाहत जातो. सीएफएलचा पट्टा तुटक दिसतो, वेगवेगळ्या रंगांच्या फटी शेजारी शेजारी मांडल्यासारखा. साध्या एलईडीत निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये काळपट जागा जाणवते आणि लाल टोक लवकर विझतं. हे मोजमाप नव्हे, पण टाकाऊ दिवा ओळखायला पुरे.

दुसरी परीक्षा नाण्यांचीच. एक झळाळतं तांब्याचं, एक चांदीचं आणि एक पितळी किंवा सोनेरी नाणं शेजारी ठेवा, सोबत ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला मिळणारं बिनरंगी करडं कार्ड. प्रत्येक दिव्याखाली ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेऊन फोटो काढा. सगळ्या फोटोंत करडा सारखाच येईल, चांदीही जवळपास सारखीच. फरक पडेल तो तांब्यात. मी हॅलोजनचा फोटो मोजपट्टी म्हणून ठेवतो आणि बाकीचे त्याच्या शेजारी लावून बघतो. माझ्या टेबलावरचा एक दिवा, ज्याच्या खोक्यावर सीआरआय ९० छापलं होतं, या परीक्षेत साफ नापास झाला. त्याच्याखाली कोरं करकरीत तांब्याचं नाणं दहा वर्षं खिशात फिरून आल्यासारखं दिसत होतं. संग्राहकांच्या जगात तांब्याची लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी अशी प्रतवारी होते आणि तिच्यावर किंमत हलते. म्हणजे हा नुसता सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

दुसरी पायरी: टेबलाभोवतालचं जग काळं-पांढरं करणं

पडदे ओढा, खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करा. छताचा एक दिवा राहिला तरी सावल्यांमध्ये त्याचा रंग उतरतो. भिंत रंगीत असेल तर टेबलाच्या तिन्ही बाजूंना काळं किंवा करडं कार्ड उभं करा. नाण्याखालचा कागदही बिनरंगी हवा. निळ्या मखमलीवर नाणं देखणं दिसतं हे मान्य, पण उंच कडांच्या आतल्या उतारावर ते निळं चढतंच.

कपडे काळे किंवा करडे. हे माझ्याकडून ऐका.

आणि हो, कॅमेऱ्याचा चकाकता स्टीलचा स्टँड, ट्रायपॉडवरची लाल पट्टी, शेजारी चालू असलेली लॅपटॉपची स्क्रीन, हे सगळं नाण्याच्या डोळ्याने एकदा पाहून घ्या. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सच्या जागेवरून त्यात डोकावा. आरशात जे रंग दिसतील तेच नाण्यावर येणार आहेत.

तिसरी पायरी: दिवे कुठे ठेवायचे

कॅमेरा वरून सरळ खाली बघणारा, कॉपी स्टँडवर किंवा ट्रायपॉडच्या आडव्या दांडीवर. लेन्स शक्यतो १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो. कारण रंगाशी निगडित आहे: लांब लेन्सने नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये जागा उरते आणि तिथे दिवा उंचावर आणता येतो. छोट्या लेन्सने नाण्याला नाक लावावं लागतं, मग दिवे बाजूने तिरपे सरकतात आणि नाणं अंधारं, खरखरीत दिसतं.

नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. दोन दिवे दहा आणि दोनच्या दिशेला, टेबलापासून ६० ते ७५ अंशांवर, म्हणजे लेन्सला जवळजवळ चिकटून. इथून सुरुवात करा. मग एका हाताने दिवा धरून हळूहळू हलवत स्क्रीनकडे बघा. एका ठिकाणी नाणं एकदम जिवंत होतं. कोऱ्या नाण्यावर ठसा मारताना धातू मधून कडेकडे वाहत गेलेला असतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा सायकलच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या असतात. दिवा बरोबर कोनात आला की या आऱ्यांवर प्रकाशाचे दोन पंखे उघडतात आणि नाणं हलवलं की ते फिरतात. संग्राहक जिला लस्टर म्हणतात ती हीच. धातूचा खरा रंग या पंख्यांमध्ये असतो, त्यांच्या मधल्या काळ्या भागात नसतो.

म्हणूनच चारी बाजूंनी पांढऱ्या कापडाचा तंबू उभा करून नाणं आत ठेवण्याची जी लोकप्रिय पद्धत आहे, ती मला पटत नाही. रंग साधारण बरोबर येतो, पण पंखे पुसले जातात आणि नाणं ओल्या चुन्याने सारवल्यासारखं दिसतं. डिफ्युझर वापरायचाच तर छोटा वापरा. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपरचा तुकडा पुरतो. तो दिव्याजवळ असेल तर प्रकाश जरा मऊ होतो, नाण्याजवळ आणला तर एकदम सपाट. डिफ्युझरला स्वतःचाही रंग असतो, बरेच कागद किंचित पिवळे असतात, तेव्हा तो लावूनच व्हाइट बॅलन्स घ्या.

धातूप्रमाणे इथून वाटा फुटतात.

कोऱ्या तांब्याला उघडे, छोटे दिवे मानवतात. तपकिरी झालेल्या तांब्याला मात्र रुंद, मऊ प्रकाश हवा, नाहीतर कोनाकोपऱ्यात काळोख भरतो आणि चॉकलेटी छटा कोळशासारखी दिसते. सोन्याला अडचण उलटी: चमकता भाग आणि सावली यांतला फरक इतका की एक सांभाळताना दुसरं जातं. सहाच्या दिशेला पांढरं कार्ड उभं करा, सावलीतल्या भागात ते दिसेल आणि काळ्याच्या जागी गडद सोनेरी येईल. कार्ड खरोखर पांढरं हवं. पिवळ्या कार्डाने सोनं ‘छान’ दिसतं, खरं दिसत नाही.

सगळ्यात रस आहे तो टोनिंग आलेल्या चांदीत. हवेतल्या गंधकाने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसेच यावर दिसतात. थर वाढत जातो तशी छटा फिकट सोनेरीकडून किरमिजीकडे, तिथून निळ्याकडे सरकते. थराच्या वरून आणि खालून परतलेले किरण एकमेकांत मिसळून हे रंग घडतात. त्यामुळे ते दिसतात फक्त तिथेच, जिथे प्रकाश आरशासारखा थेट परत फिरून लेन्समध्ये शिरतो. बाजूने तिरपा दिवा लावला की मोरपिसासारखं नाणं काळपट लोखंडासारखं दिसतं. मग पाहणारा म्हणतो, फोटोत तर काहीच नव्हतं. किंवा उलट, विकणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये रंग इतके ताणलेले असतात की हातात घेतल्यावर विरस होतो.

लेन्सच्या आतून आल्यासारखा प्रकाश

अशा टोनिंगसाठी आणि आरशासारख्या प्रूफ नाण्यांसाठी (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी) अक्षीय प्रकाश, म्हणजे लेन्सच्या रेषेतूनच नाण्यावर पडणारा प्रकाश, हा खरा उपाय. खर्च फारसा नाही, खटपट आहे. नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये पातळ काच ४५ अंशांत तिरपी बसवा. दिवा बाजूला, काचेच्या उंचीवर, आडवा ठेवा. काच त्यातला थोडा प्रकाश खाली नाण्याकडे वळवते, नाणं तो सरळ वर पाठवतं आणि काचेतून तो लेन्समध्ये जातो. साधी काच दहातला एखादाच हिस्सा वळवते, बाकीचा आरपार निघून जातो. त्या पलीकडच्या बाजूला काळं कापड लावा, नाहीतर समोरची भिंत उजळून काचेत उतरते. दिव्याचा प्रकाश थेट नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये एक काळं कार्ड उभं करा. हे कार्ड विसरलं की सगळी खटपट वाया.

प्रकाश कमी असल्याने शटर सेकंदभर उघडं ठेवावं लागेल, त्याची चिंता नको, नाणं कुठे पळत नाही. काच मात्र पातळ घ्या. जाड खिडकीच्या काचेत लोहाचा अंश असतो आणि तिची कड पाहिली तर हिरवी दिसते. तो हिरवेपणा चित्रात उतरतो. फोटोफ्रेमची पातळ काच पुरते.

एक इशारा: अक्षीय प्रकाशात प्रूफ नाण्याची पार्श्वभूमी पांढरी होते आणि वरचं चित्र गडद. बाजूच्या दिव्यांनी बरोबर उलटं होतं. दोन्ही खरंच आहे, हातात घेऊन नाणं कललं की दोन्ही दिसतं. मी प्रूफ नाण्याचे दोन फोटो ठेवतो.

चौथी पायरी: व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर

दिवे लावून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. एलईडी तापला की त्याचा रंग किंचित सरकतो. उजेड कमी करायचा असेल तर डिमर न फिरवता दिवा लांब न्या किंवा शटरचा वेळ बदला. डिमरने बऱ्याच दिव्यांचा रंग हलतो आणि लुकलुकही वाढते. विजेच्या मेनवर चालणारे दिवे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२० वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जलद ठेवलं की स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. आयएसओ १०० ठेवा, शटर हळू ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

आता ग्रे कार्ड नाण्याच्या जागी, नाण्याच्याच उंचीवर ठेवा. ते जरासुद्धा चकाकत असेल तर किंचित कलवा. त्याचा फोटो काढा आणि कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स म्हणून तोच निवडा. रॉ मध्ये (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) टिपत असाल तरीही हा फोटो काढून ठेवा, पुढे सगळ्या नाण्यांना त्यावरून एकसाथ रंग लावता येतो. दिवा, डिफ्युझर, काच, यातलं काहीही हललं की नवा ग्रे कार्ड.

ग्रे कार्डाऐवजी प्रिंटरचा पांढरा कागद वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर घातलेले असतात. अतिनील प्रकाश मिळाला की ते निळं चमकतात. कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करायला जातो आणि नाणी पिवळी पडतात. चांदीच्या नाण्यावरच आयड्रॉपर (सॉफ्टवेअरमध्ये ‘हा भाग बिनरंगी’ असं दाखवायचं साधन) टेकवणं त्याहून वाईट, कारण त्यावरचा हलका सोनेरी टोन, जो खरा आहे, तो ‘दुरुस्त’ होऊन जातो. ऑटो व्हाइट बॅलन्स तर तांब्याचं नाणं फ्रेमभर दिसलं की त्याला दिव्याचा दोष समजतो आणि निळं मिसळतो.

चोवीस चौकटींचा कलरचेकर (ठरावीक रंगांचा नमुना-तक्ता) असेल तर त्याचाही एक फोटो घ्या आणि त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल (त्याचे रंग कसे वाचायचे हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) बनवा. उपयोग होतो, पण मर्यादित. ते चौकोन मॅट रंगांचे आहेत. नाण्यासारखे आरसे नाहीत. दिव्याचा आणि सेन्सरचा दोष त्यातून निघतो, दिवा चुकीच्या कोनात असल्याचा दोष निघत नाही.

एक्स्पोजरबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेक जण चुकतात. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजवं टोक सगळ्यात उजळ) पांढरा, म्हणजे सगळ्या रंगांचा एकत्र, न पाहता लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा पाहा. तांबं आणि सोनं यांत लाल चॅनल आधी भरून वाहतो. पांढऱ्या हिस्टोग्राममध्ये सगळं आलबेल दिसत असतं आणि आत लाल उजवीकडे भिंतीला धडकलेला असतो. लाल तिथेच अडकला आणि हिरवा मागून वाढत राहिला की तांबं सोनेरी होतं, सोनं लिंबासारखं पिवळं होतं. मग लोक दिव्याला दोष देतात. लाल चॅनल भिंतीपासून थोडा अलीकडे येईपर्यंत एक्स्पोजर उतरवा, साधारण अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). फोटो अंधारा वाटला तरी चालेल, रॉ मधून उचलता येतो.

डबीतली नाणी

प्रमाणित करून सीलबंद केलेल्या प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये नाणं असेल तर वरची चकाकी टाळायला स्लॅब एका बाजूने एक-दोन मिलिमीटर उचला, खाली कार्डाचा तुकडा सरकवा. तेवढ्याने चकाकी फ्रेमबाहेर जाते. पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारं फिल्टर) लावून ती घालवावी असं वाटेल, पण जपून. दिव्यावर आणि लेन्सवर दोन्हीकडे आडवे-उभे पोलरायझर लावले तर प्लॅस्टिकच्या चकाकीबरोबर धातूची चमकही विझते, कारण धातूवरून परतणारा प्रकाशही तसाच अडतो. शिवाय साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकमधला ताण इंद्रधनुष्यी पट्ट्यांनी दिसू लागतो. नाण्यावर नसलेलं टोनिंग फोटोत दिसायला लागतं, आणि ते विकलं जाण्याइतकं सुंदर असतं.

फोनने काढणाऱ्यांसाठी: टेलिफोटो लेन्स असेल तर ती निवडा आणि फोन लांब धरा, दिव्याला जागा मिळते. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स आकड्यावर पक्का करा, एचडीआर बंद, रॉ चालू. फोनचा स्वतःचा फ्लॅश कधीच नाही.

पाचवी पायरी: स्क्रीनवर

रॉ उघडल्यावर सॉफ्टवेअर गुपचूप एक प्रोफाइल लावतं, त्यात रंग आणि कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो. न्यूट्रल प्रोफाइल निवडा. कॉन्ट्रास्टचा वक्र ताणला की रंगाची गडदताही ताणली जाते, हे लक्षात ठेवून तो जेमतेम वापरा. सॅच्युरेशनच्या पट्टीला मी हात लावत नाही. मॉनिटर ६५०० केल्विनवर कॅलिब्रेट केलेला असावा, प्रखरता १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास, आणि संध्याकाळी आपोआप स्क्रीन पिवळी करणारी नाइट मोडची सोय बंद. ही शेवटची चूक मी एकदाच केली आणि चाळीस नाणी निळी करून ठेवली. शेवटी एसआरजीबीत (वेब आणि बहुतेक स्क्रीनचा प्रमाण रंगसंच), प्रोफाइल फाइलमध्ये जोडून निर्यात करा.

आता नाणं कडेने धरून, ज्या दिव्याखाली फोटो काढला त्याच दिव्याखाली, स्क्रीनशेजारी आणा. हळूहळू कलवत राहा. एका कोनात हातातलं नाणं आणि स्क्रीनवरचं नाणं अगदी जुळायला हवं. प्रत्येक कोनात जुळणार नाही. कुठल्याच कोनात जुळत नसेल तर सॉफ्टवेअर बंद करा आणि परत टेबलाशी जा. आधी आरसा ठेवून त्यात काय दिसतंय ते बघा, मग ग्रे कार्ड, मग लाल चॅनल. दिव्यावर शंका सगळ्यात शेवटी घ्या, अर्थात आर-९ न विचारता घेतलेला असेल तर सगळ्यात आधी.

जुळलं की दिव्यांच्या पायांभोवती टेबलावर खडूने किंवा टेपने खूण करा आणि स्टँडची उंची, शटर, अ‍ॅपर्चर एका चिठ्ठीवर लिहून स्टँडलाच चिकटवा. माझ्या चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहिलंय: काळा शर्ट.